जुन्या गाडीचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऑइल बदलताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

इंजिन ऑइल घरी बदलणारे बरेच जण आहेत, आणि गिअरबॉक्स ऑइलच्या कामात हात पोळून घेणारे बहुतेक त्यांच्यातलेच असतात. इंजिनाचा हिशेब सरळ असतो. खालून सोडलं, पुस्तकात लिहिलंय तेवढं वरून ओतलं, झालं काम. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हा हिशेब मोडतो. खालून सोडल्यावर एकूण ऑइलचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं एवढंच बाहेर येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठे वळवायचं ते ठरवणारा भाग) आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपांत बसून राहतं. शिवाय ऑइल तापलं की फुगतं, त्यामुळे लेव्हल कुठल्या तापमानाला बघितली यावर सगळं ठरतं. आतले क्लच दाबायचे, गिअर बदलायचे, ही कामंही हेच ऑइल करतं. म्हणून लेव्हलमधली चूक इथे इंजिनापेक्षा फार लवकर जाणवते.

पाना चालवण्याचा भाग सोपा आहे. माणसं चुकतात ती त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर.

१. आधी गिअरबॉक्स ओळखा, मग ऑइल घ्या

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रं मोडतात. एएमटीमध्ये आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्याला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑइल नाही, पुस्तकात दिलेलं गिअर ऑइल लागतं. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुली असतात आणि त्याचं ऑइल त्याच्यापुरतंच बनवलेलं असतं. त्यात साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडू शकतात. डबल क्लचवाल्या डीसीटीचं ऑइल आणखी वेगळं. चौथा प्रकार म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला पारंपरिक ऑटोमॅटिक. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

आता ऑइल. मालकाच्या पुस्तकात किंवा डिपस्टिकच्या, म्हणजे लेव्हल बघायच्या कांडीच्या मुठीवर नाव असतं: डेक्स्रॉन, मर्कॉन, टी-फोर, डब्ल्यूएस, डीडब्ल्यू-वन, एटीएफ प्लस फोर वगैरे. ही नावं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. टोयोटाचं टी-फोर आणि डब्ल्यूएस दोन्ही लालच, पण डब्ल्यूएस पातळ आहे आणि कंपनीनं ते वेगळ्या गिअरबॉक्सांसाठी दिलंय. रंगावरून ऑइल ओळखायला जाऊ नका. लाल रंग हा नुसता वरून घातलेला असतो.

‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं मोठ्या अक्षरांत छापलेला डबा मिळाला तर तो उलटा करा आणि मागच्या बारीक अक्षरांत तुमच्या ऑइलचं नेमकं नाव शोधा. नसेल तर तो डबा ठेवून द्या. जुनं नाव बाजारातून गेलेलं असेल तर गाडी बनवणाऱ्यानं त्याच्या जागी कुठलं नवं दिलंय ते बघा. होंडानं झेड-वनच्या जागी डीडब्ल्यू-वन दिलं, तसं.

२. बदलायचं की हात लावायचा नाही?

डिपस्टिक काढून दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर किंवा फिकट तपकिरी असेल तर काही प्रश्न नाही. गडद तपकिरी म्हणजे बदलायची वेळ होऊन गेली. काळं आणि करपट वासाचं असेल तर क्लचच्या प्लेटा जळायला लागल्यात. आणि स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं गढूळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट ऑइलमध्ये मिसळलंय. अशा वेळी गाडी चालवणंच थांबवा. नुसतं ऑइल बदलून हे दुखणं जात नाही.

डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत हा नमुना ऑइल सोडतानाच मिळतो.

‘जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो’ ही भीती सगळीकडे ऐकू येते. अनेकदा घडतं ते असं की गाडी घसरायला लागल्यावरच मालकाला ऑइल आठवतं. क्लच आधीच झिजलेले असतात, बदलल्यावर महिन्याभरात ते जातात आणि नाव नव्या ऑइलचं होतं. माझं मत असं: गिअर नीट पडत असतील तर ऑइल कितीही काळं असो, खालून सोडून वरून भरायच्या साध्या पद्धतीनं बदला. दाब देऊन आतून धुणाऱ्या मशीनच्या वाटेला जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्सला नेऊ नका. आणि गिअर घसरत असतील, म्हणजे इंजिन ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, तर आधी गिअरबॉक्सच्या मेकॅनिकला दाखवा. तिथे ऑइलकडून चमत्काराची अपेक्षा नको.

‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, असा ऑइल बदलण्याचा सल्ला देते.

३. सामान जमवा, सगळं, सुरुवातीलाच

गाडी उघडी पडल्यावर दुकानात पळायची वेळ येऊ देऊ नका. लागतं ते हे:

- ठरलेलं ऑइल, निघेल त्यापेक्षा निदान एक लिटर जास्त
- जाळीचा, म्हणजे फिल्टरचा सेट, चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाला बोल्टांनी लावलेल्या ऑइलच्या तबकाचं) पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर
- चार मजबूत स्टँड किंवा खड्डा अथवा लिफ्ट. चाकांना अडवायला ठोकळे
- लहान टॉर्क रेंच, ज्यावर १० न्यूटन-मीटर नीट लावता येतं
- मोठं घमेलं, आणि लिटरच्या खुणा असलेलं भांडं
- लांब नळीचं नरसाळं, किंवा बाजूनं भरायचं असेल तर हातपंप
- ब्रेक क्लीनर, हातमोजे, गॉगल, आणि धागे न सुटणारी फडकी
- डिपस्टिक नसेल तर गिअरबॉक्सचं तापमान दाखवणारा स्कॅनर

फडक्यांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. व्हॉल्व्ह बॉडीतल्या वाटा फार अरुंद असतात. जुन्या बनियनच्या चिंधीचा धागा तिथे अडकला तर गिअर झटका मारायला लागतो आणि कारण काही सापडत नाही. नरसाळंही याच कामाचं वेगळं ठेवा. कूलंट ओतलेलं नरसाळं पुसून वापरू नका.

४. गाडी सपाट उभी करा आणि भरायचा बोल्ट आधी उघडा

दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येतं. मग अर्धा तास थांबा. नुकतंच थांबवलेल्या गाडीचं ऑइल ८०-९० अंशांवर असू शकतं आणि त्याची धार मनगटावर आली की कातडी सोलून निघते. सायलेन्सरचा पाइपही शेजारीच असतो.

गाडी उचलताना चारी बाजू सारख्या उचला. नुसती पुढून उचललेली गाडी ऑइल सोडायला चालेल, लेव्हल बघायला चालणार नाही.

सावध: जॅक फक्त उचलण्यापुरता. स्टँड लावून, गाडीला हातानं जोर देऊन हलवून बघितल्याशिवाय खाली शिरू नका.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. डिपस्टिकच्या नळीतून भरायचं असेल तर प्रश्न नाही. पण भरायचा बोल्ट गिअरबॉक्सच्या कुशीत असेल तर तो आधी उघडून बघा, आणि उघडला तरच खालचा ड्रेन बोल्ट सोडा. मी एकदा उलटं केलं. खालून ऑइल सोडून मोकळा झालो आणि मग भरायचा बोल्ट उघडायला गेलो. अ‍ॅलन की आतल्या आत फिरली, बोल्टच्या खाचेचे कोपरे गोल झाले. गिअरबॉक्स रिकामा, गाडी स्टँडवर, हलवता येत नाही की भरता येत नाही. दोन दिवस त्यात गेले. आता ती खाच मी आधी ब्रेक क्लीनरनं धुतो, टाचणीनं आतली माती उकरतो, की हातोडीनं हलकेच ठोकून पूर्ण आत बसवतो आणि मगच जोर लावतो.

५. ऑइल सोडा आणि मोजा

आधी खात्री करा की तुम्ही योग्य बोल्टाखाली आहात. काही गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल यांचे बोल्ट हातभर अंतरात असतात. सुबारूमध्ये ही गफलत नेहमीची आहे: इंजिन ऑइल समजून गिअरबॉक्सचं सोडायचं, मग इंजिनात वरून ताजं ओतायचं. इंजिन दुप्पट भरलेलं आणि गिअरबॉक्स कोरडा. निघणारं ऑइल ज्या रंगाचं अपेक्षित होतं तसं नसेल तर बोल्ट लगेच परत लावा.

दुसरी गफलत नव्या पद्धतीच्या गिअरबॉक्सांतली. टोयोटाच्या अनेक गिअरबॉक्सांत खालचा बोल्ट काढला की थोडंसंच ऑइल येतं आणि थांबतं, कारण त्या भोकाच्या आत एक उभी नळी असते. ती लेव्हल ठरवण्यासाठी आहे. पूर्ण ऑइल सोडायला ती नळीही अ‍ॅलन कीनं काढावी लागते, आणि काम झाल्यावर परत बसवायला विसरायचं नाही.

ड्रेन बोल्टच नसेल तर चेंबर उतरवताना ऑइल सांडणारच. एका बाजूचे बोल्ट दोन-दोन आटे ढिले ठेवा, समोरच्या बाजूचे काढा, आणि चेंबर एका कोपऱ्यातून कलतं करून धार घमेल्यात घ्या. पॅकिंग चिकटलं असेल तर रबरी हातोडीनं बाजूनं ठोका. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटलं की अ‍ॅल्युमिनियमच्या कडेवर चरा पडतो आणि ती जागा कायमची गळते.

निघालेलं ऑइल थंड झाल्यावर मापाच्या भांड्यात ओतून आकडा लिहून ठेवा. गरम मोजलं तर आकडा फुगलेला येईल.

६. चेंबर, चुंबक, जाळी

बोल्ट काढताना एका पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खुपसून ठेवा. काही गाड्यांत त्यांची लांबी सारखी नसते, आणि लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की आटे जातात.

चेंबरच्या तळाशी एक-दोन चुंबकं असतात. त्यावरचा राखाडी चिखल बोटाच्या चिमटीत घेऊन चोळा. काजळासारखा मऊ लागला, कण जाणवला नाही, तर ती वर्षानुवर्षांची साधी झीज आहे. घाबरायचं कारण नाही. सुईसारखे तुकडे, टोचणारा कीस, चकचकीत पापुद्रे मिळाले तर आत काहीतरी तुटतंय. काळे, कागदासारखे तुकडे म्हणजे क्लचच्या प्लेटांचं अस्तर. असं काही दिसलं तर पुढचं ऑइल वाया घालवण्याआधी थांबा. ऑइल दोन-तीन फेऱ्यांत सोडून-भरायचं असतं (ते खाली १० मध्ये), म्हणूनच मी चेंबर पहिल्याच फेरीत उतरवतो. काही जण शेवटच्या फेरीत उतरवतात, पण मग आतली बातमी उशिरा कळते.

चुंबक कोणत्या जागी होतं ते लक्षात ठेवा, ब्रेक क्लीनरनं सगळं धुवा, वाळू द्या.

जाळी ओढून काढली की तिच्या मानेवरची रबरी रिंग बघा. ती जाळीबरोबर खाली आली का? अनेकदा येत नाही. वर गिअरबॉक्सच्या भोकातच अडकून बसते, ऑइलमध्ये भिजून काळी झालेली, त्यामुळे चटकन दिसतही नाही. मग नव्या जाळीची नवी रिंग तिच्यावर चढते, जाळी पूर्ण आत बसत नाही, आणि पंप त्या फटीतून हवा ओढतो. बाहेर एक थेंब गळत नाही, लेव्हल बरोबर असते, आणि गाडी मात्र गिअरच धरत नाही. टॉर्च मारून भोकात बोट फिरवा. रिंग असेल तर आतली भिंत न ओरखडता काढा. नवी रिंग ताज्या एटीएफचं बोट लावून बसवा.

काही गिअरबॉक्सांत जाळी पूर्ण पेटी उघडल्याशिवाय निघत नाही. तिथे तिचा नाद सोडा.

७. चेंबर बंद करणं

दोन्ही कडा कोरड्या आणि स्वच्छ हव्यात. पॅकिंग असेल तर ते कोरडंच बसवा. वरून सिलिकॉनची भर नको. आतल्या बाजूला पिळून निघालेला सिलिकॉनचा तुकडा सुटतो आणि जाळीत जाऊन बसतो. ज्या गिअरबॉक्सला कारखान्यातूनच पॅकिंगऐवजी सिलिकॉन लावलेलं असतं त्याला ते लावावंच लागतं, पण कंपनीनं सांगितलेलं, बारीक सलग रेघेत, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूनं.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. मग मधून सुरू करून समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. अनेक चेंबरांचे बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपास बसतात, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकातून घ्या. चेंबर गळण्याचं कारण फार वेळा जास्त आवळणं हेच असतं. पत्रा भोकांपाशी वाकतो, मधला भाग उचलला जातो, गळायला लागतं, आणि माणूस आणखी आवळतो.

तपासा: नवा वॉशर घालून ड्रेन बोल्ट लागला का? पुठ्ठ्यावर एखादा बोल्ट उरलाय का? चुंबक परत गेलं का?

८. भरणं

जेवढं निघालं त्यापेक्षा अर्धा लिटर कमी, इंजिन बंद असताना भरा. गिअरबॉक्सचा पंप इंजिनाबरोबर फिरतो, गाडी पार्कमध्ये असली तरी. त्यामुळे रिकाम्या गिअरबॉक्सवर ‘उरलंसुरलं निघेल’ म्हणून इंजिन चालू करण्याचा मोह नको.

आता इंजिन चालू करा, ब्रेक पूर्ण दाबून ठेवा आणि गिअर पी, आर, एन, डी असा प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबवत न्या, परत पी मध्ये आणा. आतल्या वाटा भरतात आणि लेव्हल खाली येते. आता पुढचं ऑइल पाव-पाव लिटरनं.

९. लेव्हल: इथे घाई केली की सगळं केलेलं वाया

तुमची गाडी खालच्या तिन्हींपैकी कुठल्या पद्धतीची, हे पुस्तकात बघा. अंदाज नको.

पहिली, डिपस्टिकवाली. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा आणि इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये, डिपस्टिक पुसून बघा. (काही जुन्या गाड्यांत हे न्यूट्रलमध्ये करायचं असतं.) ‘हॉट’ आणि ‘कोल्ड’ अशा दोन खुणा असतील तर गरम ऑइल कोल्डच्या खुणेशी ताडू नका. नुकतंच ओतलेलं ऑइल नळीच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि डिपस्टिक वरपर्यंत ओली येते. पाच मिनिटं थांबून दोन-तीनदा बघा आणि दोन्ही बाजूंपैकी जी बाजू कमी दाखवते ती खरी धरा.

दुसरी, होंडाची. डिपस्टिक आहे, पण गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि दीड मिनिटाच्या आत बघायचं. चालू इंजिनावर बघितलं तर लेव्हल कमी दिसते आणि माणूस जास्त भरून बसतो.

तिसरी, डिपस्टिक नसलेली. इथे ठरलेल्या तापमानाला, सहसा इंजिन चालू असताना, लेव्हलचा बोल्ट उघडायचा असतो. टोयोटाच्या अनेक गिअरबॉक्सांत ही तापमानाची पट्टी साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअस आहे. स्कॅनरवर आकडा पट्टीत आला की बोल्ट काढा. धार आली तर ती थेंबांवर येईपर्यंत थांबा आणि बोल्ट लावा. काहीच आलं नाही तर वरून ओता, बाहेर यायला लागेपर्यंत. ऑइल फार थंड असताना हे केलं तर आत जास्त राहतं. फार गरम असताना केलं तर फुगलेलं ऑइल वाहून जातं आणि थंड झाल्यावर कमी पडतं. पट्टी ओलांडली असेल तर इंजिन बंद करून गाडी थंड होऊ द्या. ‘दोन अंशांनी काय होतंय’ म्हणून पुढे जाणारे दहा अंश पुढे जातात.

सावध: चालू इंजिनाच्या गाडीखाली काम करताना हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, गाडी चारही स्टँडवर आणि जागा हवेशीर हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिनाचा धूर जीव घेतो.

कमी भरलं तर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतो. जास्त भरलं तर फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात, फेसाला दाब धरत नाही, गिअर तसाच घसरतो, आणि ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सची हवा जायच्या भोकातून बाहेर येतं. लक्षण एकच, म्हणून ‘कमी असेल’ असं धरून आणखी ओतू नका. आधी बघा.

१०. दुसरी आणि तिसरी फेरी

समजा गिअरबॉक्समध्ये एकूण ८ लिटर बसतं आणि एका वेळी ३.५ निघतं. पहिल्या फेरीनंतर आत ४४ टक्के नवं ऑइल असेल, दुसरीनंतर ६८, तिसरीनंतर ८२. चौथ्या फेरीत साडेतीन लिटर ओतून फक्त आठ टक्के वाढतात, म्हणून मी तीनवर थांबतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी थोडे दिवस चालवा म्हणजे जुनं-नवं नीट मिसळतं. लगेच पाठोपाठ सोडायचंच असेल तर निदान सगळे गिअर पडतील एवढी फेरी मारून आणा. या पुढच्या फेऱ्यांत चेंबर उतरवायची गरज नाही, ड्रेन बोल्ट पुरतो. ड्रेन बोल्ट नसेल तर मात्र एक फेरी आणि पुढच्या सर्व्हिसला दुसरी, हेच शहाणपणाचं. पॅकिंग दर आठवड्याला सोडून-बांधून काही साधत नाही.

११. नंतरचे काही दिवस

पहिले काही किलोमीटर गिअर जरा वेगळे पडल्यासारखे वाटू शकतात, कारण काही गाड्यांचा कॉम्प्युटर जुन्या ऑइलच्या सवयीवर चालत असतो. काही गाड्यांत ती नोंद स्कॅनरनं पुसावी लागते. हळू वेग, सौम्य अ‍ॅक्सिलरेटर. डॅशबोर्डवर दिवा लागला किंवा गिअर घसरला तर थांबा आणि लेव्हल पुन्हा बघा, गळती कमी करणाऱ्या औषधाची बाटली आणायला जाऊ नका.

जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. गटारात किंवा मातीत नको, आणि त्यात कूलंट किंवा ब्रेक क्लीनर मिसळू नका, मग ते कुणी घेत नाही.

रात्री गाडीखाली एक कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर लाल ठिपका असेल तर तो चेंबरच्या कुठल्या कोपऱ्याखाली आहे ते बघा, तो भाग पुसा, गाडी चालवून आणा आणि पुन्हा बघा. धुताना राहून गेलेले थेंबही एक-दोन दिवस पडतात. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर लेव्हल एकदा परत, त्याच पद्धतीनं, त्याच तापमानाला बघा. किती निघालं, किती भरलं, कुठलं ऑइल, किती किलोमीटरवर, हे गाडीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहा आणि ते पुस्तक परत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.